पाळकांचा सोमवार

सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं आणि पाळकाला सुटी असते. शनिवारी प्रवचनाची तयारी, रविवारी उपासना, मुलांची रविवारची शाळा, संध्याकाळी कुणाचा तरी साखरपुडा, हे सगळं उरकलं की सोमवार हा त्यांचा रेशन आणायचा, चपला शिवायचा आणि बायकोची बोलणी खायचा वार. ऐंशीच्या दशकात तो वार आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला.

अंधेरी पूर्वेला एका चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या. तिथे दर सोमवारी उपनगरांतले पाळक डॉक्टरेट करायला यायचे. मी त्या केंद्राची प्रबंधक. म्हणजे हजेरी, वेळापत्रक, सायक्लोस्टाइलचं यंत्र, परीक्षकांच्या मुक्कामाची सोय, प्रबंध बांधून देणारा माणूस, पंखा दुरुस्त करणारा माणूस आणि चहा. मला याद्या करायची सवय आहे, लहानपणापासून. घरात हसतात, पण गॅसचा नंबर कधी लावायचा हे मलाच विचारतात. त्या कामात ही सवय उपयोगी पडली. धर्मशास्त्र मला फारसं कळत नव्हतं आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

इथे नावं बदललेली आहेत. पण आमच्या समाजात नाव बदलून काय होतं आणि काय होत नाही, हाच या लेखाचा विषय आहे. म्हणून या वेळी मी आधी ज्यांना त्यांना जाऊन विचारलं. एक जण आता हयात नाहीत. त्यांच्या घरून होकार आला.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचा, धर्मगुरू. बाप्तिस्मा, लग्न, दफन ही त्याची दिसणारी कामं. न दिसणारं काम म्हणजे घरभेट. कुणी आजारी असेल, कुणाची नोकरी गेली असेल, कुणाकडे मयत झाली असेल, तिथे जाऊन बसायचं. आमची डॉक्टरेट या कामासाठी होती. पीएच.डी. करणारा वाचनालयात बसतो. आमचा विद्यार्थी आपल्या मंडळीतच राहायचा, तिथलंच एक काम हाती घ्यायचा, ते वेगळ्या पद्धतीने करून बघायचा आणि काय झालं ते लिहायचा. बरीच वर्षं सेवा झालेली असल्याशिवाय प्रवेश नव्हता. त्यामुळे विद्यार्थी बहुतेक पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, चष्मे लावलेले. वर एक अट अशी, की मंडळीतल्या साध्या सभासदांची एक समिती पाळकाच्या कामाचा अहवाल देणार. बँकेतला अधिकारी, शाळेतल्या बाई, रेल्वेतला फिटर असे लोक. पाळकांना परीक्षकांची भीती वाटत नसे. या समितीची वाटे.

बाहेर आम्ही ‘डॉक्टरेट अभ्यासक्रम केंद्र’ अशी पाटी लावली, तर महिन्याभरात आजूबाजूच्या चाळीतले लोक खोकला आणि कानदुखी घेऊन येऊ लागले. एक म्हातारे गृहस्थ समजावूनही उठेनात. म्हणाले, “इतके डॉक्टर बसलेत आत, एकाने नाडी बघितली तर काय बिघडतं?” एका पाळकांनी शेवटी त्यांची नाडी धरली आणि प्रार्थना केली. म्हातारे खूश होऊन गेले आणि पुढच्या सोमवारी बायकोला घेऊन आले. पाटी मी उतरवली.

विद्यार्थीही तऱ्हेतऱ्हेचे. एकांनी रविवारी सकाळी दूरदर्शनवर मालिका लागते म्हणून उपासनेला माणसं कमी होतात, यावर काम केलं. त्यांच्या समितीने अहवालात प्रामाणिकपणे लिहून दिलं की मालिका चांगली आहे, उपासना दुपारी ठेवावी. दुसऱ्या एकांच्या मुलीचं लग्न मेमध्ये होतं आणि पत्रिकेवर ‘रेव्ह. डॉ.’ छापायचं होतं. छापखाना थांबला होता. ते मला दर सोमवारी विचारायचे, “बाई, काही करता येईल का?” मी म्हणायचे, “लग्न पुढे ढकलता येईल.” तिसऱ्यांनी लांब प्रवचनांमुळे मंडळी कशी कंटाळते यावर प्रबंध लिहिला, तो इतका जाड झाला की बांधणीवाल्याने दोन खंड करायला सांगितले.

अभ्यासाचा गाभा होता तो मात्र वेगळाच. त्याला आम्ही ‘शब्दशः’ म्हणायचो. पाळकाने एखाद्या घरी भेट द्यायची, घरी परतून ते संभाषण आठवेल तसं लिहून काढायचं. आपण काय बोललो, समोरचं माणूस काय बोललं, कोण कधी गप्प बसलं. मग सोमवारी ते वर्गात वाचायचं आणि बाकीच्यांनी ते उलगडायचं. इथे तुम्ही विषय का बदललात? इथे त्या बाईला बोलू का दिलं नाहीत? प्रती मी सायक्लोस्टाइल करून वाटायचे आणि तास संपला की गोळा करून फाडून टाकायचे. माणसाचं नाव, धंदा, गाव बदलायचं. आणि खोलीतलं बोलणं खोलीतच राहील, हा नियम.

पाळकांना हे जड जायचं. बोलायची सवय असलेल्या माणसाला आपण किती बोललो हे लिहायला सांगितलं की तो आपलं बोलणं नीटनेटकं करतो. एकांच्या कागदावर तर सांताक्रूझच्या इस्पितळातला रिक्षावाला म्हणत होता, “अहो पाळकसाहेब, माझे अंतःकरण व्याकूळ झाले आहे.” आमचे मार्गदर्शक ईपन सर केरळचे. मराठी त्यांना चांगलं समजायचं, बोलायचे मात्र हिंदी. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “ये रिक्षा कहाँ मिलती है? मुझे भी बैठना है.”

आता हिवाळे पाळकांचं सांगते.

रेव्हरंड शांतवन हिवाळे जालन्याकडचे. मुंबईत बदली होऊन मुलुंडच्या मंडळीत आले तेव्हा त्यांच्याकडे एक ट्रंक, दोन कोट आणि गावाकडची मराठी होती. मंडळीत बँकेतले, विम्यातले, कॉलेजात शिकवणारे लोक. वाईट कुणी नव्हतं. पण पंचांपैकी एक जण (पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे) पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे, “आमचे पाळक साधे आहेत.” हिवाळ्यांनी हे मला एकदा सांगितलं. तक्रार म्हणून नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं. “साधे म्हणजे काय ते मला कळतं, बाई.” त्यांना ही पदवी हवी होती ती यासाठी. मला ते कारण इतर कारणांपेक्षा कमी प्रतीचं वाटलं नाही.

त्यांचा विषय चांगला होता. मयत झालेल्या घरी पहिले काही दिवस मंडळी लोटते. गाणी, प्रार्थना, चहाची पातेली. महिन्याभरात सगळं थांबतं. हिवाळ्यांनी ठरवलं, आपण दोन-चार वर्षांनंतर जायचं. एकट्याने. ज्या घरांत ते येण्याआधी कुणी वारलं होतं अशी घरं त्यांनी निवडली, म्हणजे दफनविधी आपण केला हे मध्ये येणार नाही. ईपन सर खूश होते. नोंदणीची मुदत मेअखेर संपत होती आणि ती वाढवून मिळत नव्हती. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नंतरही सांगत राहिले. ते म्हणायचे, “पोहोचतो, बाई.”

जानेवारीतल्या एका सोमवारी त्यांनी एक शब्दशः वाचलं. त्यातली बाई ‘विमल’, भांडुपची. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली, बरीच वर्षं. मला तो कागद अजून आठवतो, कारण स्टेन्सिल मीच कापलं होतं.

पाळक: आता झोप लागते का?

विमल: आता लागते. ते गेले त्या दिवशी तर फारच लागली.

पाळक: म्हणजे?

विमल: बोलता येत नव्हतं ना त्यांना. चमच्याने स्टीलची वाटी वाजवून बोलवायचे. दिवसा, रात्री, केव्हाही. ती वाजायची थांबली. मी आतल्या खोलीत गेले आणि आडवी झाले. बाहेर बायका रडत होत्या आणि मी झोपले होते. लग्न झाल्यापासून इतकी छान झोप लागली नव्हती. सुटल्यासारखं वाटलं.

(पाळक शांत राहिले.)

वाचून झालं. साधारणपणे इथे कुणीतरी घसा खाकरायचं आणि चर्चा सुरू व्हायची. त्या दिवशी पहिले बोलले ते वाकोल्याचे रेव्हरंड रणपिसे. उंच, सावकाश बोलणारे, वर्गात सगळ्यांत कमी बोलणारे.

“स्टीलची नव्हती,” ते म्हणाले. “पितळेची होती. मीच नेऊन दिली होती. जरा मोठा आवाज यावा म्हणून.”

हिवाळ्यांना काही कळलं नाही. बाकीच्यांना कळलं. वारलेला माणूस रणपिशांच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत कुणाची मुलगी कुणाकडे दिली हे सगळ्यांना पाठ असतं. जालन्याहून आलेल्या माणसाला ते कुठून असणार? त्यांनी नाव बदललं, गाव बदललं, धंदा बदलला. वाटी ठेवली. स्टील, पितळ त्यांना सारखंच.

“माफ करा,” हिवाळे म्हणाले. “मला खरंच...”

“तुमचं काय चुकलं? तुम्ही नवे आहात,” रणपिसे म्हणाले. “माझी बायको सांगते, वहिनीला मूर्च्छा आली. भाऊ गेला आणि ती तिथेच कोसळली. दर स्मरणदिनी आमच्या मंडळीत उभी राहून सांगते. असं प्रेम आता बघायला मिळत नाही, म्हणते.” मग ते माझ्याकडे वळले. “खोलीतलं खोलीत, असा नियम आहे ना, बाई?”

“आहे.”

“मग झालं.”

ईपन सर म्हणाले, “आज यहीं रुकते हैं.” मी प्रती गोळा केल्या. मोजल्या, सगळ्या होत्या, पण त्याचा काही उपयोग नव्हता हे मलाही कळत होतं.

पुढच्या सोमवारी रणपिसे आले नाहीत. पोट बिघडलंय, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही पोटच. इकडे हिवाळे म्हणाले, ती भेट काढून टाकतो. ईपन सर नाही म्हणाले. बाकीच्या भेटी म्हणजे आलो, बसलो, प्रार्थना केली, निघालो. या एका घरात काहीतरी घडलं होतं. ते काढलं तर प्रबंधात उरतं काय? पण आता नाव बदलून भागणार नव्हतं. प्रबंध बांधला की एक प्रत आमच्या वाचनालयात राहणार, एक पदवी देणाऱ्या दक्षिणेतल्या महाविद्यालयात जाणार, आणि आमचं वाचनालय सगळे पाळक वापरतात. मी नवा नियम केला: ज्या माणसाचं बोलणं आहे त्याला वाचून दाखवायचं आणि त्याचा होकार घ्यायचा. ईपन सरांनी मान डोलावली. त्या नियमाखाली पहिली स्वारी माझीच निघाली. घरी एकटी बाई, विषय असा. हिवाळ्यांबरोबर मी गेले.

अंधेरीहून मुलुंडला जायचं म्हणजे मुंबई आडवी ओलांडायची.  बसमध्ये हिवाळ्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत कागद.

मार्थाबाई, म्हणजे कागदावरची ‘विमल’, म्युनिसिपल शाळेत मराठी शिकवायच्या. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, स्वच्छ. “सलाम, पाळकसाहेब. या, बाई,” म्हणाल्या. आम्ही कशासाठी आलोय ते हिवाळ्यांनी सरळ सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी कागद मागितला. वाचायला बसल्या आणि पर्समधून पेन काढलं. सवय.

“हे ‘सुटल्यासारखं वाटलं’ माझं नाही,” त्या म्हणाल्या. “मी असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, झोपले. पुढचं तुमचं.”

“असेल,” हिवाळे म्हणाले.

“आणि हे काय? ‘पाळक शांत राहिले.’ तुम्ही शांत कुठे होता, साहेब? मी झोपेचं बोलले आणि तुम्ही सुरूच झालात. बायबलातल्या वचनावर वचन. मी मनात म्हणत होते, आता हे थांबतील तर मी भांडी घासून घेईन.”

हिवाळ्यांचे कान लाल झाले. मी खिडकीबाहेर बघितलं.

मार्थाबाईंनी ती ओळ खोडली, शेजारी काहीतरी लिहायला गेल्या आणि थांबल्या. “हे वर्गात वाचलंत?”

“हो.”

“कोण कोण होतं?”

हिवाळ्यांनी नावं सांगितली. चौथं नाव रणपिशांचं होतं. मार्थाबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

“भाऊजींनी ऐकलं?”

“ऐकलं.”

“घरी सांगितलं त्यांनी?”

“माहीत नाही. नसावं. ते वर्गालाच येत नाहीत.”

त्या उठून आत गेल्या, पाणी पिऊन आल्या. आवाज होता तसाच, वर्गात बोलतात तसा. “माझं माहेर तुटलंय, पाळकसाहेब. मी लग्न करून या धर्मात आले तेव्हाच. सासू-सासरे गेले. मूलबाळ नाही. या मुंबईत मला एक माणूस आहे, वन्सं. शनिवारी शाळा सुटली की त्यांच्याकडे जाते, रविवारी जेवून परत येते. त्यांचा भाऊ गेला आणि मी झोपले होते, हे त्यांना कळलं तर मी शनिवारी कुठे जाऊ?”

मार्थाबाईंनी कागदाची घडी घातली.

“तुमची पदवी याच्यावर अडलीय का?”

हिवाळे म्हणाले, “नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हो. पण तो तुमचा प्रश्न नाही.”

“मग छापू नका. दुसरं घर बघा.” त्यांनी कागद परत दिला. “चहा टाकते.”

चहा घेऊन आम्ही निघालो. बसस्टॉपवर हिवाळे म्हणाले, “बाई, ती भेट काढा यादीतून.”

“काढली तर मेअखेरपर्यंत नवं घर, नवी भेट, नवं प्रकरण. होणार नाही.”

“ठाऊक आहे. आणि आता मी कुणाच्या घरात शिरलो की माणूस बोलायच्या आधी मला कागद दिसतो. असल्या भेटीचं काय करायचं?” थोड्या वेळाने म्हणाले, “पंचांना काय सांगू तेवढं सुचवा.”

“प्रकृतीमुळे थांबलो, म्हणा.”

“प्रकृती ठणठणीत आहे.”

“मग काहीच सांगू नका. त्यांनी विचारलं तर बघू.”

त्यांनी मान हलवली. घरी जाऊन मी त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने ‘स्थगित’ लिहिलं. शाईने लिहायची घाई नव्हती. मार्च संपत आला होता आणि माझ्या याद्यांत बाकीच्यांची कामं होतीच.

एप्रिलमध्ये केंद्रातल्या फोनवर मार्थाबाईंचा निरोप आला. गुरुवारी येते, पाळकसाहेबांनाही बोलवा. गुरुवार मुद्दाम निवडला असावा. सोमवार सोडून केंद्रात माझ्याशिवाय कुणी नसायचं. त्या आल्या, आणि त्यांच्या मागून एक ठेंगण्या, भरल्या अंगाच्या बाई आल्या. आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या. त्या रणपिशांच्या बायको, शांताबाई.

हिवाळे उभे राहिले. त्यांना वाटलं भांडण आहे. मलाही तसंच वाटलं. मी दार लोटून घेतलं.

“बसा हो,” शांताबाई म्हणाल्या. “काय एवढं उभं राहायचं? ही आली माझ्याकडे शनिवारी. जेवली नाही, बोलली नाही. मी म्हटलं, शाळेत काही झालं का गं? तर रडायला लागली. भाऊ गेला तेव्हा रडली नव्हती, आता रडतेय. म्हणे वन्सं, मला मूर्च्छा आली नव्हती. मी झोपले होते.”

त्यांनी पदराने घाम पुसला आणि वहिनीकडे वळल्या. “मी हिला म्हटलं, अगं, घोरत होतीस तू! बेशुद्ध माणूस घोरतं का?”

मार्थाबाई खाली बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की काय ते मला पटकन कळेना.

“तुम्हाला माहीत होतं?” हिवाळ्यांनी विचारलं.

“मी तिथेच होते ना, साहेब. भावाचे डोळे मीच मिटले. मग हिला शोधायला आत गेले, तर ही कॉटवर, चपलांसकट, घोरतेय. आणि बाहेर आमच्या चुलत्या, मावश्या, सगळा गोतावळा. ‘बायको कुठाय, बायको कुठाय?’ त्यांना बायको रडताना बघायची होती. मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि सांगितलं, मूर्च्छा आलीय, डॉक्टरांनी उठवू नका म्हणून सांगितलंय. कुठला डॉक्टर आणि काय!”

“पण तुम्ही तर दर वर्षी मंडळीत उभ्या राहून...” मी म्हटलं.

“सांगायलाच लागतं, बाई. एकदा सांगितलं की पुरत नाही. दरवर्षी कुणीतरी कुजबुजायचंच, हिच्या डोळ्याला पाणी नव्हतं म्हणून. मग मी उठायचं आणि खणखणीत सांगायचं. तोंडं बंद. माझा भाऊ होता, मी सांगतेय म्हटल्यावर कोण बोलणार?”

“मला का नाही सांगितलंत इतके दिवस?” मार्थाबाई म्हणाल्या.

“काय सांगायचं? तू घोरतेस?”

आता मात्र त्या नक्की हसत होत्या, दोघीही, आणि शांताबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “त्याने तिला झोपू दिलं नाही हो,” त्या मला म्हणाल्या. “माझाच भाऊ, पण खरं ते खरं. दुखायचं त्याला, तो तरी काय करणार! पण तिला कुणीतरी झोपू द्यायला नको?”

 मार्थाबाईंनी पर्समधून त्यांचं पेन काढलं आणि म्हणाल्या, “द्या तो कागद. मी म्हटलं तेवढंच ठेवा. आणि तुम्ही बोलत होता, ते लिहा.”

“लिहितो.”

“माझं मात्र काही लिहू नका हं,” शांताबाई म्हणाल्या. “ते दाराचं वगैरे. पाळकाची बायको मंडळीत उभी राहून खोटं सांगत होती, हे ह्यांना झेपायचं नाही.”

मी विचारलं, “तुम्हाला सगळं ठाऊक आहे, हे त्यांना सांगणार नाही?”

“का सांगू?” त्यांनी चष्मा पुसून परत लावला. “तीन महिने झाले, ताटातून मान वर काढत नाहीत. पोट बिघडलंय म्हणतात आणि चार चपात्या खातात. मला आधी वाटलं, ह्यांचंच कुठेतरी काही सुरू आहे. एवढ्या संसारात माझ्यापासून पहिल्यांदा काहीतरी लपवतायत. आणि कुणासाठी, तर माझ्या वहिनीसाठी. लपवू दे की. बघायला बरं वाटतं.”

‘स्थगित’ मी रबराने खोडलं. हिवाळ्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिलं, पाच आठवड्यांत, आणि मेअखेरीला दोन दिवस राहिले असताना टाइप केलेली पानं माझ्या टेबलावर ठेवली. ‘पाळक शांत राहिले’ हे वाक्य त्यात नव्हतं. त्याजागी ‘पाळक बोलत राहिले’ असं होतं, आणि पुढची काही पानं ते का बोलत राहिले यावर होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तीच पानं सगळ्यांत चांगली वाटली. माझ्या मते प्रबंध तरीही अपुराच राहिला. मंडळी मयताच्या घरी गर्दी करते आणि निघून जाते, हे त्यांचं मूळ म्हणणं तसंच छापलं गेलं. त्या गर्दीतच एक बाई दार ओढून उभी होती, हे त्यात कुठेच आलं नाही. येणार कसं? शब्द दिला होता. याची हळहळ हिवाळ्यांनाही होती. एकदा म्हणाले, “बाई, खरा प्रबंध त्या दाराबाहेर होता.” पण पदवी मिळाली, आणि पंच पाहुण्यांना आता ‘आमचे पाळक डॉक्टर आहेत’ असं सांगू लागले. हिवाळ्यांना ते आवडलं. त्यांनी ते लपवलं नाही.

रणपिशांना मी एवढंच कळवलं की मार्थाबाईंनी होकार दिलाय. ते पुढच्याच सोमवारी आले. हिवाळ्यांशेजारी बसले, एकमेकांना सलाम केला, विषय काढला नाही. बुडालेल्या तासांमुळे त्यांची तोंडी परीक्षा एक वर्ष मागे पडली.

त्या परीक्षेला इतिवृत्त लिहायला मी आत बसले होते. परीक्षक बंगलोरचे, बारीक प्रश्न विचारणारे. त्यांनी विचारलं, पाळकाने गुप्तता पाळायची म्हणजे काय? पुस्तकातलं नको, स्वतःच्या सेवेतलं उदाहरण द्या.

 रणपिसे खुर्चीत ताठ झाले.

“एक गोष्ट आहे,” ते म्हणाले. “काय ते मी तुम्हालाही सांगणार नाही. पण ती मी माझ्या बायकोलासुद्धा आजवर कळू दिलेली नाही. कळली तर तिचं मन मोडेल.”

परीक्षकांनी मान डोलावली आणि गुण मांडले. बाहेर बाकावर शांताबाई पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अर्ध्या उघड्या दारातून त्यांचा पदर दिसत होता.

मी मान वर न करता लिहिलं: उत्तर समाधानकारक.